किल्ली कुणाच्या खिशात?
(खडकी येथील महिला मेळाव्यातील भाषण)

रॅली म्हणजे नुसता वेग, हा समज आधी सोडू या. 1981 साली मिशेल मूतोंने सान रेमोची रॅली जिंकली. जागतिक अजिंक्यपद मालिकेतली रॅली जिंकणारी ती पहिली स्त्री. तिथवर पोचायला खास गाडी लागते. आपण सुरुवात वेळ-वेग-अंतराच्या रॅलीने करू. ती खुल्या रस्त्यावर, घरच्या गाडीनेही करता येते. ताशी 30 किलोमीटर सरासरी दिली, तर 15 किलोमीटरला बरोबर 30 मिनिटे. उशीर झाला तरी दंड, लवकर पोचलो तरी दंड. म्हणून शेजारी बसून हिशेब करणारीही तितकीच महत्त्वाची.

टायर, स्टेपनी, ब्रेक, फॅनबेल्ट, दिवे तपासा. चाक स्वतः बदलून पाहा. जुन्या मुंबई रस्त्यावर किलोमीटरचे दगड मोजत जा आणि आपला मीटर किती चुकतो ते वहीत टिपा.

खरी अडचण पुढेच आहे. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणींजवळ परवाना आहे, पण किल्ली नवऱ्याच्या खिशात. सासूला दवाखान्यात न्यायचे तरी त्याची वाट पाहायची. रॅलीसाठी रविवारी किल्ली मागाल, तेव्हा सोमवारचेही बोलून घ्या.