मेंदूच्या वेशीवरची प्रथिनं

हंटर सिंड्रोम हा बहुतांशी मुलग्यांना होणारा जन्मजात आजार. त्यात एक एन्झाइम नीट तयार होत नाही आणि न पचलेला ऐवज पेशीपेशींत साठत जातो. हे एन्झाइम, म्हणजे एक प्रथिनच, शिरेतून देण्याचं औषध अमेरिकेत २००६ साली मंजूर झालं. वाढलेलं यकृत, वाढलेली प्लीहा आटोक्यात येऊ लागली. पण ज्यांच्या मेंदूलाही आजारानं ग्रासलं होतं, ती मुलं शिकलेले शब्द विसरतच राहिली. औषध रक्तात होतं, मेंदूत पोचत नव्हतं.

याचं कोडं जुनं आहे. शास्त्रज्ञ पॉल एर्लिश यांनी १८८५ मध्ये प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला. सगळे अवयव रंगले, मेंदू कोराच. त्यांना वाटलं, मेंदू रंग धरतच नसेल. त्यांचेच शिष्य गोल्डमन यांनी १९१३ मध्ये रंग थेट मेंदूभोवतालच्या द्रवात सोडला, तर मेंदू छान रंगला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं! म्हणजे अडसर मधे कुठंतरी होता. तो आहे मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या अस्तरात. तिथल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात, की प्रथिनाएवढा मोठा रेणू फटीतून जाऊच शकत नाही.

पण मेंदूला लोह तर लागतंच. ते वाहून आणणारं ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन अस्तरावरच्या ठरावीक रिसेप्टरला, म्हणजे पकडीच्या जागेला, चिकटतं. तेवढा पेशीपडदा आत वळतो, त्याची इवलीशी पिशवी होते आणि पेशीत ओढली जाते. शास्त्रज्ञांनी नेमकी हीच वाट धरली. या रिसेप्टरला चिकटणारी अँटीबॉडी घ्यायची आणि तिला औषध जोडून द्यायचं, म्हणजे तिच्यासोबत तेही अस्तरापलीकडे मेंदूत पोचेल. हंटर सिंड्रोमवरचं असं जोडऔषध जपाननं २०२१ मध्ये मंजूर केलं.

यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट पकडीची. अँटीबॉडी जितकी घट्ट चिकटेल तितकं बरं, असं कुणालाही वाटेल. जेनेन्टेक या औषध कंपनीच्या संशोधकांनी २०११ मध्ये उंदरांवर उलटंच दाखवलं. निरोप घेताना दारातच तासभर रेंगाळणाऱ्या पाहुण्यासारखी, घट्ट चिकटलेली अँटीबॉडी अस्तरातच अडकते. पकड थोडी सैल केली की ती पलीकडे सुटते आणि मेंदूत जास्त पोचते.

मात्र हाच रिसेप्टर रक्तातल्या तांबड्या पेशी घडत असताना त्यांच्यावरही भरपूर असतो. म्हणून अशा औषधांच्या चाचण्यांत रुग्णाच्या हिमोग्लोबिनवरही डोळा ठेवावा लागतो.