लहान मुलांचीं चित्रपुस्तकें व नानाविध कुटुंबें



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं लहान मुलांच्या चित्रपुस्तकांविषयीं बोलणें कोणास क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या मुलास अजून अक्षरओळख नाहीं, त्यास चित्र वाचतां येतें. आणि चित्रांत कोण आहे व कोण नाहीं, हें तें न शिकवितां शिकतें.

अमेरिकेंतील एक हकीकत सांगतों. न्यू यॉर्क येथील एका बालशाळेंत पांच वर्षांची एक कृष्णवर्णीय मुलगी चित्रपुस्तक पाहत होती. पुस्तकांतलीं मुलें नेहमीं गोरींच कां, असें तिनें विचारिलें. नॅन्सी लॅरिक या विदुषींनीं तो प्रश्न मनावर घेतला. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांतील ५,२०६ बालपुस्तकें त्यांनीं हिशेबांत धरिलीं. त्यांपैकीं अवघ्या ३४९ पुस्तकांत कृष्णवर्णीय माणूस होता. १९६५ सालीं हें प्रसिद्ध करितांना त्यांनीं बजाविलें कीं, यानें गोऱ्या मुलांचेंही मोठें नुकसान होतें. कारण जग आपलेंच आहे, असा त्यांचा ग्रह होतो.

१९६२ सालींच एझ्रा जॅक कीट्स यांचें ‘द स्नोई डे’ निघालें. कीट्स हे पोलंडांतून आलेल्या ज्यू आईबापांचे पुत्र. १९४० सालच्या एका साप्ताहिकांतील कृष्णवर्णीय बालकाचीं छायाचित्रें त्यांनीं वर्षानुवर्षें जपलीं होतीं; त्यांतूनच त्यांचा पीटर जन्मास आला. पीटर बर्फांत खेळतो, बर्फाचा गोळा खिशांत घालून घरीं येतो, आणि तो गोळा वितळून जातो. गोष्ट एवढीच, उपदेश कोठेंच नाहीं. १९६३ सालीं त्यास कॅल्डेकॉट पदक मिळालें.

ही दृष्टि आपणांस परकी नसावी. संत फ्रान्सिस यांनीं १२२३ सालीं इटलींतील ग्रेच्चो गांवीं नाताळचा देखावा मांडिला. आज घरोघरींचा गोठा हेंच आपल्या मुलांचें पहिलें चित्रपुस्तक होय. त्यांत कोण दिसतें? पालक पिता योसेफ, परगांवीं बाळंत झालेली माता, गरीब मेंढपाळ, आणि दूर देशींचे राजे, त्यांतील एक बहुधा काळा. पुढें हेंच पवित्र कुटुंब जीव वांचविण्यासाठीं मिसर देशीं परागंदा झालें.

मग आईबाप व दोन मुलें, एवढेंच कुटुंब पुस्तकांत कां असावें? ज्याचा बाप समुद्रापार नोकरीस आहे, ज्यास आजीनें वाढविलें, ज्यास दत्तक घेतलें, त्या मुलानें आपलें घर कोणत्या पानावर शोधावें?

कोणी म्हणतील, इतरांचे सणवार दाखविल्यानें मुलांची श्रद्धा ढळेल. मला तसें वाटत नाहीं. ज्यास स्वतःचें घर पानावर सन्मानानें भेटलें, तें मूल शेजाऱ्याच्या घरास भीत नाहीं. मात्र शेजारी केवळ सणाच्या पोषाखांत दाखवूं नये. तो भाकरी खातांना, रुसतांना, हंसतांनाही दिसावा. तरच तो पीटरसारखा मित्र होतो.

म्हणून माझी विनंति एवढीच. या ज्युबिलीची आठवण म्हणून प्रत्येक घरीं दोन चित्रपुस्तकें यावीं: एकांत आपल्या बाळास आपलें घर दिसावें, दुसऱ्यांत शेजाऱ्याचें. पहिलें बाजारांत न मिळाल्यास आजीच्या लाल लुगड्याचें व अंगणांतील क्रुसाचें चित्र आपणच काढावें. ‘कॅथलिक’ या शब्दाचा अर्थच सार्वत्रिक असा आहे. तो अर्थ बाळास प्रथम मांडीवर कळूं द्यावा.