तण कोणाला म्हणावे?

(मंडळाच्या श्रावणमेळाव्यात केलेले भाषण)



बागेविषयी चार शब्द बोलावेत अशी मला आज्ञा झाली आहे. सुरुवात माझ्याच फजितीने करते.

काही वर्षांपूर्वीचा श्रावणातला शुक्रवार. सासूबाई जिवतीच्या पूजेची तयारी करीत होत्या. "अंगणातून आघाडा नि दूर्वा आण ग," म्हणाल्या. आणू कुठून? आदल्याच रविवारी खुरपे घेऊन मी सारे अंगण 'स्वच्छ' केले होते! शेवटी जुडी बाजारातून विकत आणली. सासूबाई रागावल्या नाहीत. कुंपणाशी मी कौतुकाने राखलेल्या बारीक पांढऱ्या फुलांकडे पाहून एवढेच म्हणाल्या, "उपटायचे तेवढे ठेवलेस!" ते गाजरगवत होते.

तेव्हापासून मला प्रश्न पडला, तण म्हणावे तरी कोणाला? दूर्वा आणि हरळी ही एकच वनस्पती. गणपतीला आपण ती भक्तीने वाहतो. बांधावर ती माती धरून ठेवते. तीच वाफ्यात शिरली, की पेरापेराला मुळे धरते आणि मेथी-कोथिंबिरीच्या तोंडचे पाणी पळवते. घोळ नि तांदुळजा गुलाबाच्या आळ्यात तण, पानात भाजी! तेव्हा तणपण पुष्कळदा रोपात नसते, जागेत असते.

परंतु गाजरगवताला कोणती जागा द्यावी? ते मूळचे अमेरिका खंडातले. १९५५च्या सुमारास पुण्यात आढळले आणि पुढे देशभर पसरले. एकेक झाड हजारो बिया टाकते. त्याच्या स्पर्शाने कित्येकांच्या अंगावर पुरळ उठते, परागांनी शिंका नि दमा सुरू होतो. जे शेजाऱ्याला जगूच देत नाही, ते खरे तण. फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटावे.

बाकीच्यांच्या बाबतीत मात्र खुरपे उचलण्याआधी नाव विचारावे. सासूबाईंना अंगणातले प्रत्येक रोप नावाने ठाऊक होते. आज त्या नाहीत. कुंपणाशी हातभर जागा मी आघाड्याला राखली आहे. जिवतीची माळ घरचीच होते. पण तिथेच दोन रोपे अशी आहेत, की त्यांची नावे विचारायची राहून गेली. ती मी अजून उपटलेली नाहीत. आपल्यापैकी कोणी जाणती बाई येऊन ओळखील, तर उपकार होतील.