उंबरठ्यावरचे गाणे



परक्या मुलखातली कलाकृती आपल्या दारी येते, तेव्हा उंबरठ्यावर तिने कोणते गाणे म्हणावे? २००२ सालच्या ‘किंग्डम हार्ट्स’ या जपानी व्हिडिओ खेळासाठी उताडा हिकारू या गायिकेने जपानीत ‘हिकारी’ गायिले आणि इंग्रजी आवृत्तीसाठी ‘सिंपल अँड क्लीन’. दुसरे पहिल्याचे भाषांतर नव्हे; शब्द नव्याने रचले. १९८९ ची जपानी मोगली मालिका १९९३ साली दूरदर्शनवर हिंदीत आली, तीही नवे शीर्षकगीत घेऊन. शब्द गुलजारांचे, चाल विशाल भारद्वाजांची. मूळ गीत बाजूला राहिले, पण मुलांचे काही अडले नाही.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे म्हणतो, गाणे नव्याने बांधणे हेही श्रमच आहेत. त्यांना नाव आणि दाम, दोन्ही मिळाले पाहिजेत.

परंतु शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर ठाकर, कातकरी मुले घरी आपापली बोली बोलतात. वाघोबाला पूजणाऱ्या या मुलखात शेरखान आला तो हिंदी बोलतच. जपानहून येथवर गाणे बदलत आले. पाड्यापर्यंतची शेवटची मजल तेवढी राहिली. ती गाठायची तर पाड्यावरचाच गाणारा बोलवा, आणि त्याची बिदागी आधी ठरवा!