फ्रिजमधला पेटणारा गॅस



आज घरी गेल्यावर फ्रिज थोडा पुढे ओढा आणि मागची पट्टी वाचा. फ्रिज नवा असेल तर बहुधा ‘आर-600ए’ असं छापलेलं आणि जवळच ज्वाळेचं चिन्ह दिसेल. हा गॅस म्हणजे आयसोब्युटेन. स्वयंपाकाच्या गॅसच्याच कुळातला. पेटणारा गॅस आपण जाणूनबुजून घरात घेतला आहे. माझ्या मते हा निर्णय योग्यच आहे. पण त्यातली जोखीम कोणाच्या अंगावर गेली, याचा विचार आपण केलेला नाही.

शंभर वर्षांपूर्वीच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असे वायू असत. 1929 साली शिकागोत मिथाइल क्लोराइडच्या गळतीने माणसं दगावली. पुढच्याच वर्षी थॉमस मिजली या रसायनतज्ज्ञाने नवा वायू श्वासात ओढून घेतला आणि त्याच श्वासाने मेणबत्ती विझवून दाखवली. विषारी नाही, पेटतही नाही! ही सीएफसी वायूंची सुरुवात. याच वायूंमुळे ओझोनचा थर झिजू शकतो, हे रोलंड आणि मोलिना यांनी 1974 साली मांडलं. 1987 साली हे वायू हळूहळू बंद करण्यासाठी माँट्रिअल करार झाला. मग फ्रिजमध्ये आर-134ए आला. ओझोनला त्याचा त्रास नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे चौदाशे पट तापमानवाढ करतो.

1992-93 साली पूर्वीच्या पूर्व जर्मनीतल्या शार्फेनश्टाइनच्या एका डबघाईला आलेल्या कारखान्याने, ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेच्या पाठिंब्याने, प्रोपेन-ब्युटेनवर चालणारा फ्रिज काढला. बड्या कंपन्यांनी आधी आगीची भीती घातली आणि थोड्याच काळात स्वतःही तोच रस्ता धरला. अमेरिकेने मात्र 2011 साली घरगुती फ्रिजला अशा गॅसची परवानगी दिली, तीही फक्त 57 ग्रॅमपर्यंत. 2018 साली ती मर्यादा 150 ग्रॅम केली. आपल्याकडे मुंबईच्या गोदरेजने असे फ्रिज आणले, आणि 2012 साली प्रोपेनवर चालणारा एसीही.

आता प्रमाण पाहा. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो, फ्रिजमध्ये दीडशे ग्रॅमहून कमी. हवेत सुमारे दोन टक्क्यांपेक्षा कमी आयसोब्युटेन असेल तर तो पेटत नाही. ठिणगी गॅसपर्यंत पोहोचू नये म्हणून रिले आणि थर्मोस्टॅटची रचनाही वेगळी केलेली असते. म्हणून फ्रिज वापरणाऱ्याने घाबरण्याचं कारण नाही.

खरा धोका दुरुस्तीच्या वेळी आहे, आणि मला तिथेच थांबायचं आहे. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, फ्रिजच्या गॅसला सहसा नसतो. गळला तर नाकाला कळत नाही, आणि हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो. नेमका तिथेच, फ्रिजमागच्या अरुंद जागेत, मेकॅनिक ब्रेझिंगचा, म्हणजे नळ्या जोडण्याचा, टॉर्च पेटवतो. नळीत गॅस उरला असेल तर भडका त्याच्या तोंडावर येतो. आधी उरलेला गॅस मोकळ्या हवेत सुरक्षितपणे काढायचा, नळ्या नायट्रोजनने साफ करायच्या, जमेल तिथे आगीशिवाय जोड द्यायचा, ही रीत आहे. प्रोपेनच्या एसीत तर गॅस फ्रिजपेक्षा बराच जास्त असतो. तिथे हयगय आणखी महाग पडते. आणि आर-134एच्या जुन्या फ्रिजमध्ये स्वस्त पडतो म्हणून आयसोब्युटेन भरणं, किंवा घरगुती सिलिंडरमधूनच भरणं, हा सरळ गुन्हा मानला पाहिजे.

वातावरणाचं भलं आपण पदरात पाडून घेतलं आणि आगीची जोखीम गल्लीतल्या दुकानाच्या पोरावर टाकली. कंपन्या आपल्या सर्व्हिस सेंटरच्या माणसांना शिकवतात. फ्रिज मात्र वॉरंटी संपल्यावर बाहेरच्या मेकॅनिककडेच जातात. त्यांनाही हे प्रशिक्षण फुकट मिळालं पाहिजे, आणि तो खर्च गॅस निवडणाऱ्या कंपन्यांनी उचलला पाहिजे.

तुम्हालाही एक विनंती. मेकॅनिकला बोलावताना पट्टीवरचा गॅस आधीच फोनवर सांगा. तो आला की देवघरातला दिवा आणि शेगडी विझवा, खिडक्या उघडा. आणि नायट्रोजनचे पैसे त्याने बिलात लावले, तर त्यावर घासाघीस करू नका.