वीसची लाल नोट आणि माझी एक्सेल शीट : आई-बाबांसोबत अंदमान

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावले असतील तर आवाज जरा कमी करा, कारण आज मधेमधे माझी आई बोलणार आहे. म्हणजे तिचे डायलॉग मी बोलणार आहे, तिच्याच आवाजात.

मी मूळचा अकोल्याचा. बीटेक झालं, आता पुण्यात कोड लिहितो. बाबा एसटीत कंडक्टर होते, मागच्या वर्षी रिटायर झाले. आईने छप्पन वर्षांत समुद्र पाहिलेला नव्हता. आपल्याकडे हे नवल नाही. अकोल्याहून कुठलाही समुद्र गाठायचा म्हटलं तर रात्रभर रेल्वेत बसावं लागतं. तर मी ठरवलं, दाखवायचाच तर डायरेक्ट अंदमान दाखवू. फेब्रुवारीत, सहा दिवस.

आता इंजिनिअर माणूस ट्रिप प्लॅन करतो म्हणजे काय करतो? एक्सेल शीट. प्रत्येक दिवसाला एक टॅब, प्रत्येक पॉइंटला मिनिटं. पोर्ट ब्लेअर, स्वराज द्वीप, शहीद द्वीप, बाराटांग, स्कूबा, सगळं बसवलं. (नावांचं आधीच सांगतो. हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप २०१८ मध्ये झालं. पोर्ट ब्लेअरचं २०२४ पासून श्री विजयपुरम आहे. ड्रायव्हर मात्र जुनीच नावं घेतात, त्यामुळे दोन्ही माहीत ठेवा.)

शीट बाबांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून वाचली आणि पाकिटातून वीसची एक नोट काढली. जुनी, लाल. ती उलटी करून मला म्हणाले, "बाबू, मले दोनच गोष्टी पाहाच्या हायेत. एक थे जेल, आन एक ही जागा."

तुमच्याकडे जुनी वीसची नोट असेल तर मागची बाजू बघा. नारळाची झाडं, समुद्र, लांबवर दीपगृह. ते चित्र अंदमानचं आहे, माउंट हॅरिएटच्या बाजूने दिसणारा नॉर्थ बे. नव्या पिवळट-हिरव्या नोटेवर वेरूळ आलं. बाबांनी गाडीत वर्षानुवर्षं अशा नोटा मोजल्या होत्या आणि मागचं चित्र कुठलं आहे ते त्यांना रिटायरमेंटच्या आधी एका प्रवाशाने सांगितलं. मी म्हटलं, "बाबा, शीटमध्ये जागा नाही. बघू." हे 'बघू' मी घरात फार वापरतो.

प्रवास पटकन सांगतो. रेल्वेने नागपूर, तिथून विमानाने चेन्नई, मग पोर्ट ब्लेअर. पहिल्याच दुपारी सेल्युलर जेल.

काळं पाणी म्हणजे हे जेल, असं मला वाटायचं. पण १८५७ च्या उठावानंतर लगेच, मार्च १८५८ मध्ये, पहिले दोनशे कैदी इथे उतरवले गेले. तेव्हा ही इमारत नव्हती. जंगल तोडायचं आणि साप, ताप, भूक यातून वाचलं तर वाचायचं. जेलचं बांधकाम १८९६ ला सुरू झालं, १९०६ ला संपलं. म्हणजे जवळपास पन्नास वर्षं हे अख्खं बेटच तुरुंग होतं.

आता डिझाइन. मधे मनोरा, त्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात तीनमजली विंगा. एका विंगेचं तोंड पुढच्या विंगेच्या पाठीकडे. सुमारे साडेचार मीटर लांब, पावणेतीन मीटर रुंद कोठडी. माझ्या पुण्यातल्या पीजीची खोली यापेक्षा फार मोठी नाही. खिडकी नाही, तीन मीटर उंचीवर एक झरोका. कडी बाहेर, दरवाजापासून लांब भिंतीतल्या खाचेत, गजातून हात घातला तरी पोचू नये अशी. आम्ही सिस्टिम डिझाइन करतो तेव्हा दोन भाग एकमेकांशी कसे बोलतील याचा विचार करतो. इथे कुणीतरी तेवढ्याच बारकाईने बसून कुणी कुणाशी बोलूच नये याचा विचार केलाय. मला ते बघून मळमळलं. काम चोख आहे, त्यामुळे जास्तच.

सावरकरांना १९११ मध्ये इथे आणलं. मोठे भाऊ बाबाराव आधीपासून इथेच होते. एकाच तुरुंगात असून भेट व्हायला बराच काळ गेला. सावरकरांवरून भांडायला यूट्यूबवर भरपूर जागा आहे, ते आज नको. ती कोठडी वरच्या मजल्यावर टोकाला आहे आणि बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन अजून व्हायचंय. मी म्हटलं खाली थांबा. ते एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढले. वर पोचल्यावर आत गेलेच नाहीत, दारात उभे राहिले. मग विचारलं, "किती खोल्या हायेत?" मी म्हटलं, तेव्हा जवळपास सातशे होत्या. आता तीनच विंगा उरल्यात.

"सातशे म्हंजे सोळा गाड्या भरतीन," ते म्हणाले. चव्वेचाळीस सीटच्या हिशेबाने. "सोळा गाड्याइची मानसं, आन एकाले दुसरा दिसत नाही."

खाली तेलाचा कोलू ठेवलाय. माणसाला जुंपायचं आणि दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायचं, म्हणजे साडेतेरा किलो. कमी पडलं तर फटके. आपल्या अकोल्यात सरकी, शेंगदाणा, तेलाच्या घाण्या लहानपणापासून पाहिलेल्या. बाबा एवढंच म्हणाले, "घाणीले बैल जुपतेत, त्यालेही दुपारी सोडतेत." बाहेरच्या बागेत पुतळे आहेत. त्यातले महावीर सिंह, मोहित मोइत्र आणि मोहन किशोर नमोदास हे तिघे १९३३ च्या उपोषणात जबरदस्तीने नळीने दूध पाजताना गेले. लोक त्यांच्या बाजूने सेल्फी काढत होते. मीही काढला होता, नंतर डिलीट केला.

आणि आईचा पहिला समुद्र? तो तिने याच जेलच्या गच्चीवरून पाहिला. मी शीटमध्ये त्यासाठी दुसऱ्या दिवशीची सकाळ राखून ठेवली होती, व्हिडिओ काढणार होतो, पाय पाण्यात वगैरे. तिने कठड्याला हात टेकवला आणि म्हणाली, "बाप्पा! एवढं पाणी, आन यायले एवढ्याशा खोलीत कोंडलं?" व्हिडिओ नाहीये.

दुसऱ्या दिवशी बोटीने स्वराज द्वीप. इथे माझ्या शीटचा पहिला बग सापडला. राधानगर बीचवर, ज्याला टाइम मासिकाने २००४ मध्ये आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं होतं, मी सूर्यास्त ६:२० ला लावला होता. फोनमध्ये अकोल्याचा सूर्यास्त बघून! घड्याळ देशभर एकच, पण पोर्ट ब्लेअर अकोल्याच्या साडेपंधरा अंश पूर्वेला. एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे सूर्य साधारण तासभर आधी डोक्यावर येतो आणि आधीच बुडतो. आम्ही पावणेसहाला पोचलो तेव्हा नुसता लाल उजेड उरला होता आणि गार्ड शिट्ट्या मारत लोकांना बाहेर काढत होते. तुम्ही जाल तेव्हा साडेतीनला तिथे असा.

पुढच्या सकाळी परत गेलो. आईने ओंजळभर पाणी उचलून सरळ तोंडात घेतलं. तिचं माहेर खारपाणपट्ट्यातलं. पूर्णेच्या काठची ती गावं माहिती असतील तुम्हाला, विहिरीला पाणी आहे पण पिता येत नाही, पिकालाही चालत नाही. तिचं लहानपण गोड्या पाण्याच्या हंड्यांमागे गेलं. ती थुंकली आणि हसली. "आमच्या विहिरीचंच हाय हे. जरासं जास्त."

मग तिने हॉटेलवाल्या काकूंना गाठलं. काकू बंगाली. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना या बेटावर वसवलं, त्यातलं त्यांचं घर. आईचं हिंदी अर्धं वऱ्हाडी, त्यांचं अर्धं बांगला, पण विषय पाणी असल्यावर काही अडलं नाही. अंदमानात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्या अकोल्यात साडेसातशे-आठशे. तरी उन्हाळ्याच्या तोंडाशी तिथेही टंचाई, कारण पडलेलं पाणी उतारावरून समुद्रात जातं आणि साठवायला जागा कमी. पोर्ट ब्लेअरला धानीखारी धरण आहे, छोट्या बेटांवर तळी आणि विहिरी. त्या दिवसापासून आईने मला शॉवर बंद केला. "अर्ध्या बादलीत आंघोय होते," असं म्हणून बादली दारात. हनिमूनवाल्या हॉटेलात मी बादलीने आंघोळ करत होतो.

स्कूबाबद्दल मी काय सांगू, व्हिडिओ हजार आहेत. पाण्याखाली वीस मिनिटं, कान दुखला, मासे भारी. पुढे.

आता बाराटांग. चुनखडीच्या गुहा आहेत, खारफुटीच्या खाडीतून बोट जाते, फोटो एक नंबर. पण रस्ता जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावरून गाड्या ताफ्याने सोडतात. थांबायचं नाही, फोटो नाही, काही द्यायचं नाही. तिघांचे पैसे मी आधीच भरले होते. आदल्या संध्याकाळी एजंटचा फोन आला. पहाटे तीनला निघू, आणि मग आवाज खाली करून, "सर, नसीब अच्छा हुआ तो जारवा भी दिखेंगे."

फोन स्पीकरवर होता. आईने विचारलं, जारवा म्हणजे काय, हरीण काय?

मला सांगावं लागलं. माणसं आहेत. हजारो वर्षांपासून तिथे राहतात, आता काहीशे उरलेत. १९९० च्या दशकाच्या शेवटी बाहेरच्यांशी संपर्क वाढला आणि १९९९ ला त्यांच्यात गोवरची साथ आली. २०१२ मध्ये एक व्हिडिओ गाजला होता, खाऊच्या बदल्यात त्यांच्या बायकांना पर्यटकांसमोर नाचायला लावलेलं. त्यानंतर सुप्रीम कोर्टाने काही आठवडे पर्यटकांच्या गाड्या थांबवल्या होत्या, मग पुन्हा सुरू झाल्या. हे सगळं मला माहीत होतं. बुकिंग करतानाही माहीत होतं. मी स्वतःला समजावलं होतं की आपण गुहा बघायला जातोय.

"म्हंजे आपल्या आंगणातून कोणी रोज गाड्या भरभरून लोकं नेले, आन खिडकीतून पाह्यलं, तं चालन का तुले?" आई.

बाबांचा मुद्दा वेगळा. "पैसे भरले ना बाप्पा. वापस देते काय थो?" नाही देत. साडेसात हजार. तासभर वाद झाला. मी कायद्याने परवानगी आहे वगैरे बोललो, जे खरं आहे. आईने वाद घातलाच नाही, तिने चिवड्याचा डबा बॅगेतून काढून परत कपाटात ठेवला. बास. एजंटला नाही कळवलं, त्याने फुकट गेलेल्या पैशांबद्दल मला अजून ऐकवायचं ते ऐकवलंच. गुहा बघायला तुम्ही जावं की नाही, ते मी नाही सांगणार. तिथे राहणाऱ्यांनाही तोच रस्ता आहे, दवाखान्यालाही तोच. आमच्या घरी त्या संध्याकाळी असं ठरलं एवढंच.

तर एक टॅब रिकामा झाला. बाबांनी काही न बोलता पाकीट काढलं.

चॅथम जेट्टीवरून बांबू फ्लॅटला फेरीबोट जाते, माणसं, स्कूटर, गाड्या सगळं घेऊन. पलीकडे डोंगर, माउंट हॅरिएट. २०२१ पासून माउंट मणिपूर, कारण १८९१ च्या युद्धानंतर मणिपूरचे महाराज कुलचंद्र आणि त्यांचे साथीदार इथेच काळ्या पाण्यावर होते. खाली होपटाउन, जिथे शेर अली आफ्रिदीने १८७२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला मारलं. आमचा ड्रायव्हर म्हणाला, "हम लोकल बॉर्न हैं," म्हणजे कैद्यांच्या वंशातला. कुठल्या प्रांतातून पणजोबा आले ते त्याला सांगता आलं नाही.

वळणावर गाडी थांबली. बाबांनी नोट हातभर लांब धरली, एक डोळा मिटला. दीपगृह जुळलं. झाडं नाही जुळली, वाढली असतील किंवा पडली असतील. हवेत धूसरपणा होता. ते बराच वेळ तसेच उभे होते, मग म्हणाले, "हावं. हेच हाय."

परतताना फेरीच्या तिकिटाला खिडकीवरच्या माणसाकडे सुटे नव्हते. मी फोन काढला. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आल्यापासून इथे नेटवर्क बरं चालतं, पण नेमकं तेव्हा चक्र फिरत बसलं. मागे रांग, बोटीचा भोंगा. बाबांच्या हाताला आयुष्यभराची सवय. सुटे पैसे नाहीत ऐकलं की हात खिशात जातो. त्यांनी नोट दिली, तिकिटं घेतली, उरलेली चिल्लर मोजून घेतली. बोट अर्ध्यावर आली तेव्हा आईने विचारलं, नोट नीट ठेवली ना?

बाबांनी पाकीट उघडलं, बंद केलं. "चालनातली होती," म्हणाले. मग आई घरी पोचेपर्यंत त्यांना बोलत होती.

तुमच्याकडे जुनी वीसची असेल तर कळवा, मला एक हवीये. भेटू पुढच्या एपिसोडला.