फी किती, आणि कशाची?
(गणेशोत्सवातील पालक सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नव्हे. जबलपूरला रेल्वेत रूळ आणि पूल सांभाळणारा डिप्लोमा इंजिनिअर. पण बारावीचा निकाल लागला की कॉलनीतले पालक मला विचारतात, "सरकारी बरे की प्रायव्हेट?" यंदा तो प्रश्न माझ्याच घरात आला, म्हणून कमिटीने मला उभे केले आहे.

मी सरकारी पॉलिटेक्निकचा. वडिलांना माझ्या फीसाठी कर्ज काढावे लागले नाही. पुढे नोकरी सांभाळून ए.एम.आय.ई.ला बसलो, 'ए' सेक्शन निघाला, 'बी' राहून गेला. (मे २०१३ नंतर नाव घातलेल्यांना ती पदवीच्या बरोबरीची धरत नाहीत. नोकरदारांचा तो स्वस्त रस्ता बंदच झाला.) त्यामुळे मुलीने पदवी घ्यावी, ही ओढ माझीच जास्त.

मागच्या वर्षी एका खासगी कॉलेजची सिव्हिलची चार मुले ट्रेनिंगला आली. साइटवर ऑटो लेव्हल लावायला सांगितले. तिघांनी यंत्राला कधी हातच लावला नव्हता. "सर, व्हिडिओत बघितलंय." तिसऱ्या वर्षाची मुले! एका मुलाच्या एका वर्षाच्या फीत असे यंत्र येऊन पैसे उरतात. दोष मुलांचा नव्हे. दुपारपर्यंत चौघेही नीट रीडिंग घेऊ लागले होते.

सुप्रीम कोर्टाच्या अकरा न्यायाधीशांनी २००२ मध्ये टी.एम.ए. पै खटल्यात सांगितले, की विनाअनुदानित कॉलेजांनी आपली फी ठरवावी, पण नफेखोरी आणि कॅपिटेशन फी चालणार नाही. मध्य प्रदेशात २००७ च्या कायद्याने फी ठरवणारी समितीही आली. पण बापाच्या खिशातून जाते ते तेवढेच नसते. हॉस्टेल, मेस, बस धरून चार वर्षांचा आकडा मांडा आणि मगच कर्जाच्या कागदावर सही करा.

सरकारी म्हणजे सगळे उत्तम, असेही नाही. कित्येक ठिकाणी जागा रिकाम्या, वर्ग अतिथी विद्वानांच्या भरवशावर. आणि काही खासगी कॉलेजांत प्रयोगशाळा खरोखर चांगल्या आहेत. म्हणून मी बोर्डावरचे 'हायेस्ट पॅकेज' वाचत नाही. एका मुलाला मिळालेल्या पगाराचे बाकीच्यांनी काय करायचे? एन.आय.आर.एफ.मध्ये भाग घेणाऱ्या कॉलेजांना आपली माहिती वेबसाइटवर ठेवावी लागते : किती मुले वेळेत पास झाली, किती नोकरीला लागली, आणि मधल्या मुलाचा पगार किती. शिक्षकांची यादीही त्यात असते. मी आणि मुलीने पाच कॉलेजांचे हे कागद शेजारी शेजारी ठेवून दोन रात्री वाचले.

शेवटी सरकारी कॉलेज घेतले. तिला कॉम्प्युटर हवे होते, तिथे सिव्हिल मिळाले. खासगीत कॉम्प्युटर मिळत होते, पण माझ्या निवृत्तीपर्यंत हप्ते चालले असते. ती अजून माझ्याशी मोजकेच बोलते. मी बरोबर केले की नाही, ते चार वर्षांनी तीच सांगेल.

ते कागद कोणाला बघायचे असतील तर आरतीनंतर मी इथेच, प्रसादाच्या टेबलापाशी आहे.